तज्ज्ञाचा सर्व्हर उठेना

घरात त्याला तज्ज्ञ म्हणत. नाव बायकोने ठेवलेलं. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे विचारायची हिंमत त्याने चौदा वर्षांत केली नव्हती, कारण उत्तर साधारण ठाऊक होतं. लोकांची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणं हा त्याचा धंदा. दिवसभर फोनवर तो दुसऱ्यांना तीच ती पोपटपंची ऐकवायचा, की पडद्यावर काय लिहिलंय ते आधी नीट वाचा, प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवा, आणि यंत्र बंद करून सुरू केलंत तर ते पूर्ण सुरू होईपर्यंत जागचे हलू नका. त्या दिवशी दुपारपर्यंत यातल्या दोन गोष्टी त्याने स्वतःच मोडल्या होत्या. तिसरी मोडायला फक्त सव्वाबारा वाजायचे होते.

झालं असं, की सकाळी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. निघायला पाच मिनिटं होती. शहाण्या माणसाने पाच मिनिटांत चहा घेतला असता. तज्ज्ञाने सर्व्हर अपडेट केला, रीस्टार्टचा हुकूम सोडला, आणि तो परत उठला की नाही हे न बघता चपला घालून चालता झाला. आता हा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात गुरगुरणारं कपाट नव्हे. कुणा कंपनीच्या अवाढव्य यंत्रातला भाड्याने घेतलेला एक हिस्सा, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. त्याला हात लावता येत नाही, कान धरून उठवता येत नाही. दुरून आज्ञा द्यायच्या आणि तो पडद्यावर काय लिहितो ते वाचायचं, एवढंच हातात असतं.

डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले, बुबुळं बशीएवढी केली, वर काळा चष्मा दिला आणि बजावलं की संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसणार नाही. तज्ज्ञ म्हणाला, हरकत नाही, आज काही काम नाही.

घरी येऊन तो टेकतो न टेकतो तोच बायकोचा फोन आला. ती वाचा-शिक्षिका होती. ज्यांना ऐकू येत नाही, अशा मुलांना बोलायला शिकवायची. सहा वर्षांत तिने एकेचाळीस मुलांचे व्हिडिओ करून ठेवले होते. मूल पहिल्या दिवशी कसं होतं, सहा महिन्यांनी कसं, दोन वर्षांनी कसं. आज दुपारी चार वाजता तिची मुलाखत होती, एका मोठ्या शाळेत, पूर्ण विभाग हाती मिळणार होता. समितीने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की भाषण नको, मुलांची प्रगती दाखवा. ती सकाळीच तिकडे पोचली होती, एकदा सगळं उघडून बघावं म्हणून बसली होती, आणि काहीच उघडत नव्हतं.

हे व्हिडिओ पूर्वी तिच्याकडे दोन पेनड्राइव्हवर असत, पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेले. तज्ज्ञाने त्यावर इतकी थट्टा केली होती की विचारू नका. रुमालात दागिने ठेवतात, माहिती नाही, वगैरे. मग सगळं आपल्या सर्व्हरवर घेतलं आणि ते पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्याच कामाला वापरले. दुसरी प्रत करायची होती. पुढच्या आठवड्यात. तो पुढचा आठवडा गेली तीन वर्षं पुढेच सरकत होता.

फोनवर तो अगदी शांतपणे म्हणाला की कंपनीच्या बाजूने काहीतरी गडबड दिसतेय, मी बघतो, तू काळजी करू नकोस. सर्व्हर उघडायच्या आत त्याने हे निदान केलं होतं. बायको थोडं थांबून "बरं" म्हणाली.

मग त्याने संगणक उघडला. पडदा म्हणजे नुसता धुरळा. अक्षरं मोठी करून बघितली, तर एका वेळी तीन अक्षरं मावत आणि तीही पाण्यात पडल्यासारखी हलत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं काहीतरी आहे, इतकंच कळत होतं. ऑफिसातल्या मित्राला फोन करावा असं मनात आलं. पण गेल्याच आठवड्यात त्या मित्राला त्याने सगळ्यांसमोर अर्धा तास बॅकअपवर प्रवचन झोडलं होतं. फोन हातात घेऊन त्याने पुन्हा खाली ठेवला.

आता घरात दुसरं माणूस एकच होतं. सासरे.

सासरे सहा वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यावर, इथे राहायला आले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका टिपणारा माणूस. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं, विजेच्या बिलामागचं बारीक अक्षरातलं, सगळं इथून तिथपर्यंत वाचत आणि चुकीखाली पेन्सिलीने रेघ मारत. जावयाशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण सरळही काही नव्हतं. ते त्याला जावईबापू म्हणत, तो त्यांना अहो म्हणे, आणि दोघंही एकमेकांची अंघोळ आटोपायची वाट बघत.

तज्ज्ञाने त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून जरा मदत हवी होती, असं सांगितलं. मुलीची मुलाखत हा शब्द ऐकल्यावर सासरे चष्मा पुसत लगेच उठले.

आता छापखान्यात वाचायची एक रीत असते. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा छापील कागद बघतो. वाचणाऱ्याने मजकुराच्या अर्थात शिरायचं नाही. स्वल्पविराम, कंस, रेघ, सगळं तोंडाने म्हणायचं आणि एकही अक्षर गाळायचं नाही. कारण अर्थात शिरलेला माणूस डोळ्यांसमोर असलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो. सासऱ्यांनी चाळीस वर्षं हेच केलं होतं. ते पडद्यासमोर ताठ बसले आणि सुरू झाले: चौकटी कंस, ओके, चौकटी कंस पुरा, अमुक सुरू झालं, पूर्णविराम. चौकटी कंस, ओके, चौकटी कंस पुरा...

दहाव्या ओकेला तज्ज्ञाचा धीर सुटला. त्याला आतून माहीतच होतं काय बिघडलंय ते. सकाळच्या अपडेटमध्ये लिनक्सचा गाभा बदलला होता, म्हणजे दोष त्या नव्या गाभ्याचाच. उपायही ठरलेला होता. सुरू होताना क्षणभर एक यादी येते, तिच्यातून जुना गाभा निवडायचा. त्याने सासऱ्यांना सांगितलं की यादी दिसली रे दिसली की खाली जाणारं बटण दोनदा दाबा.

यादी पाच सेकंद राहते. सासरे ती आधी पूर्ण वाचायला लागले. शीर्षक, रेघ, पहिली ओळ, आवृत्तीचा आकडा, त्यातली टिंबं आणि डॅश. दुसऱ्या ओळीवर यायच्या आत यादी गायब. तज्ज्ञ म्हणाला, वाचू नका, दाबा. सासरे म्हणाले, न वाचता कसं दाबणार? पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी वाचन खूप लवकर उरकलं, बटण दाबलं, आणि ते शेजारचं निघालं. दरवेळी सर्व्हर कुठेतरी अडकून दीड मिनिट नुसता बसून राही, मग रुसल्यासारखा एका जागी थांबे. त्या दीड मिनिटात सासरे काहीतरी वाचायला घेत आणि तज्ज्ञ म्हणे, ते सोडा हो, पुढे, पुढे.

चौथ्या वेळी जुना गाभा निवडला गेला. तज्ज्ञाने हात चोळले. सर्व्हर सुरू झाला, दीड मिनिट बसला, आणि नेमका तिथेच थांबला.

दोन वाजून गेले होते. मधे बायकोचा दोनदा फोन येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा त्याने "होतच आलंय" म्हटलं होतं. आता त्याचा तोल गेला. तो सासऱ्यांवर जवळजवळ ओरडलाच. म्हणाला, तुम्ही नको ते वाचत बसता म्हणून वेळ चाललाय, मला हवी ती एक ओळ तुम्हाला सापडत नाही, यापेक्षा कुणी नसतं तर बरं. शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जावईबापू, तुम्हाला कुठली ओळ हवी आहे ते तुम्हीच ठरवून बसलाय. ती इथे नाही. इथे जे आहे ते पहिल्यापासून वाचू का?"

तज्ज्ञ गप्प झाला. दुसरा इलाज नव्हता म्हणून झाला, मोठं मन करून नव्हे. त्याने तोंडावर हात ठेवला आणि पुन्हा रीस्टार्ट करायला लावलं. सासरे वाचत गेले. ओके. ओके. ओके. मग त्याच संथ सुरात: "अमुक डिस्कची वाट बघत आहे. डिस्कचं नाव, जे यू एन ए. जुना. अकरा सेकंद झाले, तिरकी रेघ, मर्यादा एक मिनिट तीस सेकंद." मग म्हणाले, आता बारा. आता तेरा. नव्वद झाल्यावर म्हणाले, "वेळ संपली. डिस्क मिळाली नाही. म्हणून पुढचं सगळं अडलं." आणि मग पुस्ती जोडली की ही ओळ मी मघापासून चार वेळा वाचायला घेतली होती.

जुना हे नाव त्याचंच होतं. सर्व्हरला पूर्वी एक लहान डिस्क जोडलेली होती, मग तो मोठी घेऊन आला, तेव्हा लहानीला त्याने जुना म्हणून ठेवून दिलं. आणि गेल्या रविवारी, अंगात स्वच्छतेचं वारं आलं तेव्हा, कंपनीच्या पानावर जाऊन ती जुना डिस्क त्याने काढून टाकली होती. कायमची. खात्री आहे का, असं त्या पानाने दोनदा विचारलं, आणि दोन्हीदा त्याने न वाचता हो म्हटलं. पण सर्व्हरकडे सुरू होताना कुठकुठल्या डिस्क जोडायच्या याची एक यादी असते. तिच्यातून त्या डिस्कची ओळ खोडायला तो विसरला. चार दिवस सर्व्हर चालूच होता म्हणून कळलं नाही. सकाळी उठताना तो बिचारा यादी घेऊन बसला आणि नसलेल्या डिस्कची वाट बघत राहिला.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. व्हिडिओ पूर्वी त्या लहान डिस्कवरच होते. मोठी डिस्क घेतली तेव्हा त्याने ते तिकडे उतरवायला लावले होते आणि झोपायला गेला होता. उतरले का, हे सकाळी बघितलं होतं का? आठवेना. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. एकेचाळीस मुलं, सहा वर्षं, आणि रविवारी दुपारी शीळ घालत त्याने दोनदा हो म्हटलेलं. त्याने हे सासऱ्यांना सांगून टाकलं.

सासरे म्हणाले, आधी उठवा तर.

उठवायचं म्हणजे आत शिरून यादीतली ती ओळ निकामी करायची. आत शिरायला मुख्य पासवर्ड लागतो. टाइप सासरे करणार. म्हणजे पासवर्ड त्यांना सांगायला हवा. आणि इथे तज्ज्ञाला आठवलं की पासवर्ड काय आहे.

सहा वर्षांपूर्वी सासरे आले त्याच आठवड्यात हा सर्व्हर उभा केला होता. त्याच्या कामाची खोली सासऱ्यांना दिली गेली, त्याचं टेबल व्हरांड्यात आलं, आणि तिथे बसून रागारागाने त्याने जे सुचलं ते ठोकलं. लांबलचक पासवर्ड सुरक्षित असतो, हेही तोच लोकांना सांगायचा.

अडीच वाजले होते. त्याने जिभेवरून ओठ फिरवला, म्हणजे ओठांवरून जीभ, आणि एकेक इंग्रजी अक्षर सांगायला सुरुवात केली. एस, ए, एस, ए, आर, ई. सासरे एका बोटाने अक्षर शोधून दाबत होते. अर्थात शिरायचं नाही ही त्यांची रीत होती, पण आज सांगणारा एवढा अडखळत होता की कुणालाही अर्थ लागला असता. पासवर्ड होता, सासरे घरी परत कधी जाणार.

शेवटचं अक्षर दाबून झाल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "पुढे प्रश्नचिन्ह आहे का?"

"आहे," तज्ज्ञ म्हणाला. पृथ्वी दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता, पण व्हरांड्याची फरशी मजबूत होती.

सासऱ्यांनी प्रश्नचिन्ह दाबलं. दार उघडलं. ते त्याच आवाजात पुढचं वाचायला लागले. यादी उघडली. ओळी पाच होत्या. सासऱ्यांनी पाचही वाचल्या आणि या वेळी तज्ज्ञाने एकदाही पुढे म्हटलं नाही. चौथी ओळ जुनाची निघाली. तिच्या सुरुवातीला एक खूण टाकली की सर्व्हर ती ओळ वाचून सोडून देतो. सासऱ्यांना हे फार पटलं. म्हणाले, आम्हीही कधी खोडत नव्हतो, खूण करायचो, म्हणजे मूळ काय होतं ते कळतं.

रीस्टार्ट. ओके, ओके, ओके. सासरे एकही ओके गाळत नव्हते आणि तज्ज्ञ प्रत्येक ओकेला मान डोलवत होता. मग सासरे थांबले. म्हणाले, आता तो नाव विचारतोय. म्हणजे उठला.

तज्ज्ञाने व्हिडिओंच्या फोल्डरचा पत्ता सांगितला. सासरे पडद्यावरची मुलांची नावं बोटाने मोजायला लागले. मोजताना ते पुटपुटत नव्हते, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता. एकदा मोजून झालं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. तज्ज्ञाने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की बोटं दुखायला लागली.

"एकेचाळीस," सासरे म्हणाले. "दोन्ही वेळा."

तज्ज्ञ खाली जमिनीवर बसला. थेंबांमुळे डोळ्यांना पाणी येतंच होतं, त्यात आणखी थोडं आलं, ते कुणाला वेगळं काढता आलं नसतं.

नुसत्या नावांवर सासऱ्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी एक व्हिडिओ लावून बघायचं ठरवलं. तज्ज्ञाला चित्र दिसत नव्हतं. फक्त आवाज आला, बायकोचा. ती एक शब्द म्हणत होती, चेंडू. मग लहान मुलाचा घशातला नुसता आवाज. ती म्हणाली, छान, पुन्हा. पुन्हा तसाच आवाज. पुन्हा. तज्ज्ञाने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि तीसच्या पुढे सोडून दिलं. तिच्या आवाजात एकदाही घाई आली नाही. मग केव्हातरी ते मूल अर्धंमुर्धं, चें, म्हणालं, आणि ती इतकी हसली की पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. हे सगळं तीन वर्षं त्याच्या सर्व्हरवर होतं. किती जागा व्यापतं हे तो झोपेतही सांगू शकला असता. ऐकलं मात्र आज पहिल्यांदा. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने काळा चष्मा उगाचच नीट केला.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी त्याने बायकोला फोन केला. तिने तिकडे उघडून बघितलं. सगळं दिसत होतं. तिने सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. मग तो म्हणाला की कंपनीची काही चूक नव्हती, रविवारी मीच एक डिस्क काढून टाकली, आणि दुसरी प्रत कधी केलीच नाही.

"कंपनी म्हणालास तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "संध्याकाळी बघते तुझ्याकडे. बाबांना दे जरा."

सासऱ्यांनी फोन कानाला लावला. ती मोठ्याने बोलत होती, त्यामुळे शेजारी बसलेल्याला सगळं ऐकू येत होतं. ती विचारत होती की त्याने तुमच्यावर आरडाओरडा नाही ना केला, खरं सांगा, तो असा अडकला की कुणालाही काहीही बोलतो.

"छे गं," सासरे म्हणाले. "अगदी नीट वागले. एक शब्द वावगा नाही. तू जा आत, चारला."

त्यांनी फोन ठेवला. आयुष्यभर एक काना-मात्रा न सोडलेला माणूस डोळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलला होता. बराच वेळ तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला, जी त्याला नीट दिसतही नव्हती. मग म्हणाला की तो पासवर्ड सहा वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा मी चिडलो होतो.

सासरे संगणकाकडे बघत होते. म्हणाले, "मीही तेव्हा रोज तेच विचारत होतो. कधी जाणार परत म्हणून. पोरीने जाऊ दिलं नाही. तिकडे एकटे बसून काय वाचाल, म्हणाली."

चार वाजायला आले होते. तिकडे बायको आत गेली असेल, पहिला व्हिडिओ लावला असेल. निकाल सोमवारी होता, त्यात आता दोघांच्या हातात काही नव्हतं.

"बाबा," तज्ज्ञ म्हणाला, आणि सहा वर्षांत हा शब्द तोंडातून पहिल्यांदाच निघाल्यामुळे जरा मोठ्यानेच निघाला. "तुम्ही कुठे जाऊ नका."

सासऱ्यांनी मान हलवली. जावयाला ती दिसणार नाही हे लक्षात आल्यावर "बरं" असं तोंडाने म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या मुलाचा व्हिडिओ लावला.